भिंत डाव्या हाताला

आमच्याकडे भारतातून कोणीही आलं की शनिवारी लंडन आणि रविवारी साउथहॅम्प्टन, असा माझ्या नवऱ्याचा शिरस्ता होता. लंडन मी दाखवायचे, कारण तिथे खरेदी असायची. साउथहॅम्प्टन तो दाखवायचा. आम्ही राहतो ते हेच गाव. इथल्याच हॉस्पिटलमध्ये आम्ही दोघं नोकरीला, तो ॲनेस्थेटिस्ट आणि मी पॅथॉलॉजिस्ट. पण गावाचा लळा त्याला लागला, मला नाही. पाहुण्यांना घेऊन तो जेवणाआधी बाहेर पडायचा, जुन्या बंदराच्या तटबंदीला फेरी मारून आणायचा, आणि मी घरी पुऱ्या तळायचे. मंडळी भारावून परत यायची. "काय हो सांगतात तुमचे मिस्टर! दगडान्‌दगडाची माहिती आहे त्यांना." मी म्हणायचे, "हो ना. घरात मिठाचा डबा कुठे असतो तेवढं सोडून सगळी माहिती आहे." माणसं हसायची आणि जेवायला बसायची.

इतक्या वर्षांत मी ती फेरी एकदाही केली नाही. जुन्या भिंतींचं मला काही वाटत नाही. माझ्या मायक्रोस्कोपखाली येतं ते सगळं होऊन गेलेलंच असतं, रविवारी पुन्हा तेच कशाला बघायचं, असा माझा हिशेब. तो आग्रह करायचा नाही. एकदोनदा म्हणाला, "तू आलीस तर मी जरा कमी बोलेन." मी म्हटलं, "मग पाहुण्यांचं नुकसान होईल."

मागच्या हिवाळ्यात तो गेला. रात्री झोपला आणि सकाळी उठला नाही. कारण मला कळलं, ते माझ्या क्षेत्रातलंच होतं, आणि ते कळून काहीही उपयोग झाला नाही.

त्याचे वडील नाशिकला असतात. वय ऐंशीच्या पुढे. पाटबंधारे खात्यात सर्व्हेयर होते, कालव्यांच्या लेव्हली काढत निम्मा महाराष्ट्र पायी फिरलेले. मुलगा इतकी वर्षं बोलवत होता आणि ते "पुढच्या उन्हाळ्यात बघू" म्हणत होते. तो गेल्याचं कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा व्हिसाचा अर्ज केला. व्हिसा वेळेत मिळाला नाही. इथल्या क्रिमेटोरियममध्ये तारीख मिळायची ती मिळते, आपण म्हणू तेव्हा नाही. मग तिथल्या लोकांनी सांगितलं, लाइव्ह लिंक देऊ, इंडियातून फॅमिली बघू शकेल. बाबांनी आणि धाकट्या दिरांनी नाशिकच्या फ्लॅटमध्ये टीव्हीला लॅपटॉप जोडून ते बघितलं. आम्हाला मूलबाळ नाही. बटण मी दाबलं. शवपेटीपुढे पडदा सरकला आणि संपलं. आपल्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, इथे सगळं मलाच करावं लागलं, आणि करण्यासारखं बटणाशिवाय काही नव्हतं.

अस्थी मी स्वतः नाशिकला नेल्या. गोदावरीवर सगळं रीतसर झालं. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मी त्याला पोचवलं कुठे? तू त्याला आणलंस, मी नुसतं उतरवून घेतलं." धाकटे दीर म्हणाले, "असं बोलू नका हो." त्यानंतर बाबा त्याबद्दल बोलले नाहीत. त्याचं नावही घेईनासे झाले. दीर फोनवर सांगायचे, "वहिनी, बाबा रडले पण नाहीत अजून. असं आतल्या आत ठेवणं बरं नाही."

वर्षश्राद्ध झालं आणि बाबांनी पुन्हा व्हिसा काढला. या वेळी मिळाला. मार्चच्या सुरुवातीला ते आले, एकटे, व्हीलचेअर नको म्हणून भांडत. आल्यावर त्यांनी घर बघितलं, त्याची खोली बघितली, पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले. विचारलं काहीच नाही. शेवटचा दिवस कसा होता, काय खाल्लं, काय बोलला, हे सगळं सांगायची मी मनात तयारी करून ठेवली होती. ते बागेत जायचे आणि शेजारच्या घराच्या पन्हळीचा उतार चुकलाय म्हणून मला सांगायचे. मला राग यायचा. एवढं समुद्र ओलांडून यायचं आणि पन्हळ बघायची? पण सासऱ्यांना असं विचारायची आपली पद्धत नाही, आणि सुनेशी असं बोलायची त्यांची पद्धत नाही. दोघंही वरण-भात जेवायचो आणि बातम्या बघायचो.

मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं. रविवारी सकाळी ते म्हणाले, "अगं, तो सगळ्यांना गाव दाखवायचा ना? ते मला दाखव."

मी म्हटलं, "बाबा, मला त्याच्यासारखं नाही सांगता येणार."

"सांगू नकोस. नुसतं दाखव."

बाहेर वारा होता. त्यांचा स्वेटर पुरला नसता. त्याचे सगळे कपडे मी चॅरिटी शॉपमध्ये देऊन टाकले होते, फक्त एक गडद निळा हिवाळी कोट राहिला होता, खुंटीवरून काढायचं राहून गेलं म्हणून. तोच त्यांच्या अंगावर चढवला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मी थर्मासमध्ये चहा भरला, पाण्याची बाटली घेतली आणि जेवण उरकून आम्ही बसने निघालो.

ही फेरी बारगेटला सुरू होते. बारगेट म्हणजे जुन्या गावाची उत्तरेची वेस, दोन बुरूज आणि मधे कमान, आणि चहूबाजूंनी कपड्यांची, मोबाइलची दुकानं. तिथून तटबंदी दोन्हीकडे जाते. गावाला वळसा घालून बंदरावर उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा इथेच यायचं. बाबा कमानीखाली उभे राहिले आणि आधी एकीकडे, मग दुसरीकडे बघत राहिले. मी फारसा विचार केला नाही. पश्चिमेची बाजू चांगली शाबूत आहे, बघण्यासारखं सगळं तिकडे आहे, असं मी निघायच्या आधी फोनवर वाचलं होतं. म्हटलं, "या, इकडून." ते आले.

मी एरवी भरभर चालते. त्या दिवशी मागे पडायला लागले. आधी वाटलं, बाबांना पुढे वाट मोकळी मिळावी म्हणून. मग लक्षात आलं, मी त्या कोटाकडे बघत चालले होते. तीच पाठ. डावा खांदा जरा उतरलेला, मान किंचित पुढे. चालताना उजवा हात मागे नेऊन बोटं उघडझाप करायची सवय सुद्धा तीच, आणि ती त्याने यांच्याकडून घेतली होती हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मी मुद्दाम आणखी चार पावलं मागे राहिले, कारण तेवढ्या अंतरावरून पांढरे केस दिसत नव्हते.

थोड्या थोड्या वेळाने बाबा थांबून मागे बघायचे. माझ्याकडे नाही, माझ्या मागे. ही त्यांची कामातली जुनी खोड. लेव्हल घेताना थोडं पुढे गेलं की वळून मागची खूण बघायची, म्हणजे रेघ सुटत नाही. मला ते ठाऊक होतं. तरीही ते बघायचे तेव्हा मी पण वळून बघायचे, आणि मागे रिकामी पायवाट असायची.

बुरुजांची नावं पाट्यांवर होती. एकाचं नाव कॅचकोल्ड टॉवर. मी म्हटलं, "पहारेकऱ्यांना इथे सर्दी व्हायची म्हणून." बाबांनी मान हलवली. तेवढीच माझी माहिती, ती पहिल्या दहा मिनिटांत संपली. पुढचं मी पाट्या वाचून सांगत होते आणि त्यांचं लक्ष नव्हतं. मग तट उंच झाला आणि आम्ही पायऱ्या उतरून त्याच्या पायथ्याशी आलो. समोर रस्ता, पलीकडे हॉटेल, कार पार्क, गोदामासारखी मोठी दुकानं.

"समुद्र कुठाय?" बाबांनी विचारलं.

"इथे होता. या भिंतीला लागून. भर घालून मागे सारला."

ते कार पार्ककडे बघत राहिले. रविवारची गर्दी होती, गाड्या जागा शोधत फिरत होत्या. "भरती इथपर्यंत यायची," ते म्हणाले. "आणि इथली भरती दोनदा होते. पाणी चढतं, जरा उतरतं, आणि गेलं गेलं म्हणेपर्यंत पुन्हा चढतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तो सांगायचा." आल्यापासून त्यांनी त्याचा असा उल्लेख पहिल्यांदा केला. "पाहुणे येऊन गेले की फोन करायचा. आज अमक्याला फिरवून आणलं म्हणायचा, आणि सगळं परत मला सांगायचा. पाण्याचं मी त्याला दोनदा विचारून घेतलं. माझा विश्वास बसेना."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. माझ्या स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत बसून तो हे सगळं बोलत असणार, आणि मी ओट्यापाशी उभी राहून त्याला ओरडत असणार की फोन आटप, पानं घेतलीत.

पुढे तटाला ओळीने कमानी आहेत. त्यांच्या आत बघितलं की दारं दिसतात, खिडक्या दिसतात, सगळ्या दगडांनी बुजवलेल्या. ही व्यापाऱ्यांची घरं होती, समुद्राकडे तोंड करून बांधलेली. जहाजातला माल थेट दारात उतरायचा. मग समुद्रावरून हल्ला झाला, गाव जळलं, तेव्हा घरांची ती सगळी दारं बुजवली आणि घरांचीच भिंत करून टाकली. पाटीवर एवढंच होतं. मला त्या दारांपाशी थांबवेना. दार आहे हे दिसत होतं, चौकट दिसत होती, वरची कमान दिसत होती, आणि आत जायला जागा नव्हती. इतक्या वर्षांत पाहुण्यांना तो इथे उभं करून काय सांगत असेल, हे मला कधीही कळणार नव्हतं. पुऱ्या तळत बसले नसते तर कळलं असतं.

बाबांनी बाहीतून हात बाहेर काढला आणि भिंतीवर ठेवला. चालता चालता तो दगडावरून फिरवत राहिले. मग एकदम थांबले आणि त्या हाताकडे बघितलं.

"अगं, भिंत डाव्या हाताला आहे."

"हो. मग?"

"तो भिंत उजवीकडे ठेवायचा. बारगेटपासून दुसऱ्या बाजूने जायचा. ती बाजू पडकी आहे, बघायला काही नाही, म्हणून ती आधी उरकायची आणि हे सगळं शेवटाला. मला म्हणाला होता, बाबा, मी सगळ्यांना न सांगता प्रदक्षिणा घालून आणतो. परक्या गावात राहायचं तर गावाला प्रदक्षिणा घालावी, म्हणायचा."

मला शरमल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं हो. आपण मागे जाऊ या का? परत तिकडून सुरू करू. टॅक्सी करते मी."

वाऱ्याने कोट फडफडत होता. शेजारून एक कुटुंब आइसक्रीम खात गेलं, त्या थंडीत.

"उलटी फेरी केव्हा मारतात, माहितेय ना?" त्यांनी विचारलं.

माहीत होतं. बघितलेली नव्हती, पण ऐकून माहीत होतं. खांद्यावर पाण्याचं मडकं घ्यायचं, त्याला दगडाने भोक पाडायचं, आणि चितेला डावीकडे ठेवून, धार सांडत, उलट्या फेऱ्या घालायच्या. ज्याने भिंत उजवीकडे ठेवून सगळ्यांना फिरवलं, त्याच्या गावाभोवती मी त्याच्या बापाला उलटी फेरी मारायला लावली होती. कपाळाला हात लावावा की काय करावं, कळेना.

"परत जाऊ या बाबा," मी पुन्हा म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "असू दे. अशीच पुरी करू." आणि थोड्या वेळाने, "पाणी आहे ना तुझ्याकडे?"

मला वाटलं, तहान लागली. बाटली दिली. त्यांनी झाकण काढलं, एक घोट घेतला आणि झाकण परत सैलच ठेवलं, पुरतं फिरवलं नाही. मग बाटली आडवी करून खांद्यावर घेतली आणि चालायला लागले. पाणी झाकणाच्या कडेने झिरपत कोटाच्या पाठीवरून खाली येत होतं आणि फुटपाथवर थेंब पडत होते.

"तीन नाही जमणार मला," पुढे बघतच ते म्हणाले. "एक पुष्कळ झाली."

मी त्यांच्या मागून चालत राहिले. पहिली काही मिनिटं मी फक्त लोकांकडे बघत होते, कोणी हसतंय का, कोणी ओळखीचं दिसतंय का. हॉस्पिटलमधलं कोणी भेटलं असतं तर काय सांगणार होते? मग मी ते सोडून दिलं. ज्या पाठीकडे मी इतका वेळ बघत होते तिच्यावर आता ओला पट्टा उमटला होता, आणि तो हळूहळू रुंद होत होता.

वेस्टगेटची वेस गेली. रस्त्यापलीकडे चारशे वर्षांपूर्वी अमेरिकेत वसायला निघालेल्या लोकांच्या नावाने उभारलेला उंच खांब आहे, तो मी दाखवला नाही. या गावात सगळीकडे अशाच खुणा आहेत, कोण कुठून निघालं त्याच्या. परत आलेल्यांच्या नाहीत. ते एक प्रसिद्ध बुडालेलं जहाज इथूनच सुटलं होतं. त्याचं नाव घेतल्याशिवाय इथे पाच मिनिटं जात नाहीत, म्हणून मी घेत नाही.

चालता चालता बाबा बोलायला लागले. मागे न बघता, त्यामुळे मला कान देऊन ऐकावं लागत होतं.

"त्या दिवशी लॅपटॉपवर बघत होतो ना आम्ही. तू उठलीस, बटणाकडे गेलीस, ते दिसलं. मग पडदा यायला लागला. निम्मा आला आणि थांबला. चित्रच थांबलं. धाकटा म्हणाला नेट गेलं, तो काहीतरी दाबत बसला. मी बघत होतो. निम्मा पडदा, आणि मोकळ्या अर्ध्यात तो. बराच वेळ तसंच होतं. मग लिंक संपली."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दीरही बोलले नव्हते.

"मला बरं वाटलं तेव्हा," बाबा म्हणाले. "म्हटलं, राहिला. अजून निम्मा पडदा राहिलाय. रोज वाटतं. सकाळी उठलं की पहिलं तेच दिसतं, तो निम्मा पडदा. अगं, असं किती दिवस त्याला तिथे ठेवायचं?"

मला रडू आलं. मागच्या हिवाळ्यापासून मी बाथरूममध्ये रडत होते, नळ सोडून, घरात दुसरं कोणी नसताना सुद्धा. इथे भर रस्त्यात, वाऱ्यात, नाक पुसायला रुमाल नाही अशी रडले. बाबांनी वळून बघितलं नाही. तासाभरापूर्वी दर चार पावलांवर वळणारा माणूस आता सरळ चालला होता.

टाउन कीवर, म्हणजे गावाच्या जुन्या धक्क्यावर, खरा समुद्र लागतो. समोरच्या धक्क्यावरून एक भलं मोठं पांढरं क्रूझ जहाज सुटत होतं. डेकवर माणसांची रांगच्या रांग, आणि खाली कठड्याशी त्यांना निरोप देणारे. जहाजाने भोंगा दिला. तो घरीही ऐकू येतो, इतक्या वर्षांत मी तो कानाआड करायला शिकले होते. इतक्या जवळून तो छातीत ऐकू आला. लोक हात हलवत होते, एक बाई ओढणीसारखा काहीतरी स्कार्फ हलवत होती.

मी बाबांना म्हटलं, "थांबायचं का जरा?"

"नको. ही परत येणारी माणसं आहेत," ते म्हणाले आणि चालत राहिले.

कुत्र्याला फिरवणारी एक म्हातारी इंग्लिश बाई समोरून आली. बाबांकडे बघून थांबली आणि भिजून आजारी पडतील या काळजीने मला म्हणाली, "हिज बॉटल्स लीकिंग, लव्ह. ही विल कॅच हिज डेथ."

"येस," मी म्हटलं. "थँक यू. वी नो."

तिला काय वाटलं असेल कोण जाणे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग माझ्या दंडाला हात लावून गेली.

बंदराच्या कोपऱ्यावरचा बुरूज, गॉड्स हाउस टॉवर, तिथून आम्ही पुन्हा उत्तरेकडे वळलो. ही ती पडकी बाजू. भिंत मधेच कमरेएवढी, मधेच नाहीच, तिच्या जागी एखादी गॅरेजची मागची बाजू, कचऱ्याचे डबे, कोणाचं तरी वाळत घातलेलं. जिथे भिंत नव्हती तिथेही बाबा डावा हात बाहेर काढून, ती आहे असं धरूनच चालत होते. तिथे पाणी संपलं. त्यांनी बाटली हलवून बघितली.

"भरून आणते," मी म्हटलं. "पुढे कॅफे असेल."

"चहा आहे ना तुझ्या थर्मासात?"

"आहे. पण बाबा, चहा?"

"त्याला पाण्यापेक्षा चहा बरा," ते म्हणाले. आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले. हसले म्हणजे तोंड हसण्यासारखं झालं आणि तसंच राहिलं, आणि मग डोळे भरून वाहायला लागले. ते पुसायचे सोडून त्यांनी हात पुढे केला. मी आल्याचा चहा बाटलीत ओतून दिला. कोमट झाला होता. तो त्यांनी खांद्यावर घेतला आणि आम्ही पुढे निघालो. कोटावर, फुटपाथवर, मोडक्या दगडांच्या कडेने तपकिरी थेंब पडत होते. आल्याचा वास येत होता. बाबा मोठ्याने रडत चालले होते, आवाज काढून, आणि मी त्यांना धरलं नाही, कारण मधे थांबायचं नसतं एवढं मला कळत होतं. त्यांच्या पावलाला पाऊल लावत गेले.

बारगेट दिसायला लागला तेव्हा चहा संपला होता. दुकानं बंद होत होती. ज्या कमानीखालून निघालो होतो तिथे आल्यावर बाबांनी बाटली खांद्यावरून मागे सोडून दिली, न बघता. काच असती तर फुटली असती. प्लास्टिकची होती, ती दोनदा उडाली आणि घरंगळत गेली. एरवी मी रस्त्यात कागदाचा कपटा टाकू देत नाही कोणाला. मी ती उचलली नाही.

"झालं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "आता मागे बघायचं नाही. सरळ घरी जायचं."

"हो बाबा."

आम्ही बस स्टॉपकडे चालायला लागलो. मी मान ताठ धरली होती. मला खात्री वाटत होती, आणि ही खात्री मी आजही नाकारत नाही, की वळले तर तो कमानीखाली उभा दिसेल, हाताची घडी घालून, मागे राहिलेल्या पाहुण्यांची वाट बघत. वळून बघावं असं आयुष्यात मला कधी इतकं वाटलं नव्हतं. पण बाबांनी एवढी फेरी पुरी केली होती, मुलाला पोचवलं होतं, ते माझ्यामुळे मोडायला नको होतं. मी समोरच्या दुकानाची पाटी वाचत चालले. वळले नाही.

बाबा वळले.

रस्ता ओलांडायच्या आधी ते थांबले आणि पूर्ण वळून उभे राहिले.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "बघायचं नसतं ना?"

त्यांना ते ऐकू गेलं नसावं. कमानीकडे बघत त्यांनी ओला हात वर केला आणि हलवला. निरोपाचा नाही, बोलावतात तसा, बोटं आपल्याकडे घेत.

"चल रे," ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात. "चल लवकर. बस येतेय."

बस आलीच. बाबा खिडकीशी बसले आणि शेजारच्या सीटवर पंजा पसरून ठेवला, एसटीत जागा धरतात तसा. मी एकदा त्या हाताकडे बघितलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. घर येईपर्यंत त्यांनी तो हात उचलला नाही.